कवितेतला 'मी' कुठे गेला?

एप्रिल उजाडला की आपल्या वस्त्यावस्त्यांतून मिरवणुकांच्या तयारीबरोबर कविसंमेलनांचेही मांडव पडतात. यंदा मराठवाड्यातील एका तालुक्याच्या गावी अशाच एका संमेलनात परीक्षक म्हणून बसण्याचा प्रसंग आला. आयोजक मंडळी तरुण, उत्साही. विषय त्यांनीच ठरवून दिला होता, 'माझ्यातले परिवर्तन आणि रोजच्या जगण्यातील प्रेरणा'. विषय चांगला होता. विहाराच्या सभागृहात दुपारी दोनला सुरू झालेले संमेलन सात वाजले तरी संपेना. 41 कवींनी कविता वाचल्या. त्यात शिक्षक होते, ग्रामसेवक होते, स्पर्धा परीक्षेची तयारी करणारी पोरेपोरी होती, बचत गटाच्या दोन ताया होत्या. आपली एवढी माणसे लिहितात ही आनंदाचीच गोष्ट आहे. ते आधीच नमूद केलेले बरे, कारण पुढे जे लिहायचे आहे ते थोडे कडू आहे.

गुणांच्या कागदाच्या कडेला मी 'पंख' या शब्दासाठी एक रेघ आणि 'आकाश' या शब्दासाठी एक रेघ मारायला सुरुवात केली होती. बाराव्या कवीनंतर तो उद्योग सोडून दिला. जवळपास प्रत्येक कवितेत कुणीतरी भरारी घेत होते, शिखर सर करत होते, वादळाशी झुंजत होते. पण कवी कोण, कुठला, त्याचा बाप काय करायचा, तो स्वतः काल कोण होता आणि आज कोण झाला, याचा पत्ता कवितेत कुठेच नव्हता. खाली नाव बदलले की ती कविता कुठल्याही कोचिंग क्लासच्या भिंतीवर लावता आली असती. ज्या कवितांत पंख नव्हते त्यांत बाबासाहेबांचा कोट, पेन आणि पुस्तक होते. तेही असे, की त्या पेनाने आणि पुस्तकाने या कवीच्या घरात काय घडवले हे ऐकणाऱ्याला कळू नये. कृतज्ञता व्यक्त करणे हे आपले कर्तव्यच आहे. पण कृतज्ञ माणूस नेमका कशाबद्दल कृतज्ञ आहे, हे त्याने सांगायचे की नाही?

एकच कविता वेगळी निघाली. एस.टी.च्या वर्कशॉपमधून निवृत्त झालेले, सत्तरी ओलांडलेले एक आजोबा वही घेऊन उभे राहिले. 1956 साली ते सहा वर्षांचे होते. वडील नागपूरहून दीक्षा घेऊन परत आले आणि त्याच रात्री भिंतीतल्या देवळीतले देव फडक्यात बांधून नदीत सोडून आले. देवळी रिकामी झाली. आईचा हात मात्र लगेच बदलला नाही. दिवेलागण झाली की ती सवयीने देवळीत दिवा नेऊन ठेवायची, मग तिला आठवायचे, मग तोच दिवा उचलून ती चुलीपाशी आणायची. असे महिनाभर चालले. नंतर एक दिवस तिने मुलाची पाटी त्या देवळीत ठेवली, कारण खाली ठेवली की शेळी चाटायची. बस, एवढीच कविता. शेवटी शेळी आल्यामुळे सभागृहात दोघेतिघे हसले. वेळ संपल्याची घंटा वाजली आणि आजोबा खाली बसले. टाळ्या जेमतेम.

परीक्षक आम्ही तिघे. माझे मत आजोबांना, उरलेल्या दोघांचे 'उडान' नावाच्या कवितेला. पहिले बक्षीस अर्थातच 'उडान'ला गेले. बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला असलेल्या एका मुलीची ती कविता. आवाज खणखणीत, पाठांतर चोख. नंतर चहाच्या वेळी ती भेटली तेव्हा मी तिला घरचे विचारले. म्हणाली, माय अंगणवाडीत मदतनीस आहे, गेल्या साली 17 नंबरचा फॉर्म भरून दहावी झाली.

"अगं, मग ते का नाही लिहिलंस?"

"सर, त्यात काय प्रेरणा? एकदा नापास होऊन मग पास झाली ती. लोकं हसतील की."

हे उत्तर अजून मनातून जात नाही. घरात मायचे एवढे मोठे परिवर्तन डोळ्यांदेखत घडले, आणि मंचावर उभे राहताना पोरीला ते कवितेच्या लायकीचे वाटले नाही. पोरीचा दोष नाही. प्रेरणा म्हणजे आकाश, प्रेरणा म्हणजे शिखर, हे तिला आपणच शिकवले. भिंतीवरच्या तसबिरींनी, सकाळी मोबाईलवर येणाऱ्या सुविचारांनी आणि आमच्यासारख्या परीक्षकांनी.

आपल्या चळवळीचा इतिहास मात्र वेगळेच सांगतो. 14 ऑक्टोबर 1956 रोजी नागपूरला बाबासाहेबांनी लाखो माणसांना 22 प्रतिज्ञा दिल्या. त्या प्रतिज्ञांचे व्याकरण एकदा नीट पाहावे. एवढा अफाट जनसमुदाय समोर असताना त्यातली एकही प्रतिज्ञा 'आमचा समाज असे करील' अशी नाही. प्रत्येकाने ती 'मी' म्हणून उच्चारायची आहे. मी मानणार नाही, मी करणार नाही, मी पाळीन. आपला नवा जन्म होत आहे हेदेखील ज्याने त्याने स्वतःपुरते म्हणायचे आहे. लाखो माणसे एका आवाजात बोलत होती आणि प्रत्येकजण 'मी' म्हणत होता! ज्याला गावात कुणी नावानेही हाक मारत नव्हते, ज्याच्या तोंडून गावाने 'जोहार' सोडून दुसरे काही ऐकून घेतले नव्हते, त्याच्या ओठांवर हा 'मी' आला. आंबेडकरी कवितेतला 'मी' तिथून आला आहे. तो सुट्या, एकट्या माणसाचा 'मी' नाही, म्हणून त्याला व्यक्तिवादी म्हणून हिणवण्याचे कारण नाही. आणि तो कुणी दुसऱ्याने बोलून देण्यासारखाही नाही.

त्याच्याही आधीचे घ्या. डिसेंबर 1927 मध्ये महाडच्या परिषदेला आलेल्या स्त्रियांशी बाबासाहेब बोलले. लुगडे नेसण्याची पद्धत बदला, जातीची खूण सांगणारे ते गळ्यातले-हातातले जड दागिने टाका, असे त्यांनी सांगितले. दुसऱ्या दिवशी बाया घोट्यापर्यंत लुगडे नेसून आल्या. इतिहासाच्या पुस्तकात ही एका ओळीची नोंद आहे. पण त्या रात्रीचे काय? कुणी कुणाला निरी काढायला शिकवले असेल? आयुष्यभर गुडघ्यापाशी राहिलेले लुगडे घोट्याला लागू लागले तेव्हा पाय अडखळले असतील. परत गावी गेल्यावर पाटलाच्या वाड्यासमोरून त्या तशाच गेल्या असतील, की वेशीपाशी क्षणभर थांबल्या असतील? ही कविता मला अजून वाचायला मिळालेली नाही. त्या बायांच्या नाती-पणती आज आपल्या संमेलनांत पंखांवर कविता वाचतात.

कुणी म्हणेल, लुगडे, शेळी, चूल यांतून काय मोठी कविता होणार? त्यांनी 'थेरीगाथा' काढून वाचावी. धम्माने दोन हजारांहून अधिक वर्षे जपून ठेवलेला हा 73 भिक्षुणींच्या काव्याचा संग्रह आहे आणि त्यात रोजच्या वस्तूंची रेलचेल आहे. मुत्ता नावाची थेरी आपण तीन वाकड्या गोष्टींतून सुटलो म्हणते, उखळ, मुसळ आणि वाकडा नवरा. पटाचारा पाय धुते, ते पाणी उतारावरून वाहत जाताना पाहते, त्यावर मन एकाग्र करते. नंतर झोपडीत जाऊन सुईने दिव्याची वात खाली ओढते, दिवा विझतो आणि त्याच क्षणी तिचे चित्त मुक्त होते. पोटची पोरे गमावून वेडीपिशी झालेली ही बाई. तिच्या मुक्तीची कविता लिहायला पाय धुतल्याचे पाणी आणि एक सुई पुरली. पुण्णिका तर पाणी भरणारी दासी. मालकिणीच्या माराच्या धाकाने कडाक्याच्या थंडीत ती नदीत उतरायची. तिथे पापे धुण्यासाठी कुडकुडत उभ्या असलेल्या ब्राह्मणाला ती विचारते, पाण्याने पापे धुतली जात असतील तर बेडूक आणि कासवे सगळी स्वर्गातच जातील की! जिने जन्मभर पाणी वाहिले तिलाच हा प्रश्न सुचणार. 'थेरगाथे'त सुनीत थेर आहे, निर्माल्याची वाळलेली फुले झाडून काढणाऱ्याच्या हीन मानलेल्या कुळात जन्मलेला. आपण पूर्वी काय करत होतो हे तो कवितेतून लपवत नाही. आधी ते सांगतो, मग पुढचे.

आणि आपले वामनदादा? सिन्नर तालुक्यातल्या देशवंडीचा हा माणूस मुंबईत कष्ट करत होता. कुणीतरी पत्र वाचून दाखवायला दिले आणि वामनदादांना वाचता येईना. त्या अपमानाने ते रडले, आणि मग मोठ्या वयात मुळाक्षरे गिरवायला बसले. रस्त्याने जाताना दुकानांच्या पाट्या वाचून वाचून जोडाक्षरे पक्की केली. त्याच माणसाने पुढे हजारो गीते लिहिली आणि गावोगाव, रात्र रात्र जागून ती समाजापर्यंत पोहोचवली. 2004 साली वामनदादा गेले. त्यांची गाणी आपण आजही गातो. पण त्या न वाचता आलेल्या पत्राची आठवण ठेवून आपल्यापैकी किती जण आपल्या बापाच्या अंगठ्याबद्दल लिहितात? फलटणच्या बेबीताई कांबळे आपल्या छोट्या दुकानात माल बांधायला आणलेली रद्दी वाचत, आणि घरच्यांपासून वही लपवून लिहीत. त्या लिहिण्यातून 'जिणं आमुचं' उभे राहिले. त्यांनी गद्य लिहिले, पण ज्याला रोजच्या जगण्यातली प्रेरणा म्हणतात ती त्या रद्दीच्या कागदात होती.

आता जरा कडू बोलू. ही पंख-आकाशाची कविता नुसतीच पोकळ असती तर एवढा अग्रलेख खर्ची घालण्याचे कारण नव्हते. आपल्या पोरांसाठी ती धोक्याची आहे. जिद्द असेल तर काहीही अशक्य नाही, असे ती सांगते. याचा उलट अर्थ आपोआप निघतो, की ज्याला जमले नाही त्याची जिद्द कमी पडली. वसतिगृहात जागा मिळाली नाही, शिष्यवृत्ती वेळेवर आली नाही, मुलाखतीत आडनाव पाहून गुण कापले गेले, भरतीच रद्द झाली, या सगळ्याचा दोष ही कविता गुपचूप त्या पोराच्याच पदरात टाकते. व्यवस्था नामानिराळी! 17 जानेवारी 2016 रोजी हैदराबादला रोहित वेमुला आपल्यातून गेला. सात महिन्यांची शिष्यवृत्ती थकली आहे, हे त्याने जाताना लिहून ठेवले होते. त्याला कार्ल सेगनसारखे विज्ञानावर लिहायचे होते. त्याच्यात जिद्द नव्हती असे म्हणण्याची कुणाची हिंमत आहे? मग आपल्याच मंचावरून आपण रोज तेच का म्हणत आहोत?

या कवितांत 'अत्त दीप भव' हे शब्दही हमखास येतात, आणि त्यांचा अर्थ लावला जातो, तुझे तू बघ. तथागतांच्या अखेरच्या दिवसांतला तो उपदेश पाली सुत्तात वाचला तर दिसते, की तिथले क्रियापद अनेकवचनी आहे. आनंदाला समोर ठेवून तथागत सगळ्या संघाला सांगत आहेत. आणि त्याला जोडूनच धम्माला दीप करा असेही म्हणतात. ते जोडवाक्य आपल्या पोस्टरवरून कधी गळून पडले कळले नाही. स्वतःचा उजेड व्हायला सांगताना तथागतांनी कुणाला एकटे सोडले नव्हते.

आपल्यातल्या काही ज्येष्ठांचे म्हणणे याच्या अगदी दुसऱ्या टोकाचे आहे. ते म्हणतात, घरातले, मनातले रडगाणे हवे कशाला, आंबेडकरी कविता विद्रोहाची असते, तिने व्यवस्थेवर घाव घालावा. मान्य. पण 1972 साली 'गोलपिठा' आला तेव्हा त्यातला विद्रोह कुठून आला होता? नामदेव ढसाळांनी ज्या गल्लीत दिवस काढले त्या गल्लीच्या शब्दांतून. त्यांनी आपला पत्ता लपवला नाही. आज आमचे कवी त्यांचा आवेश उचलतात आणि पत्ता मात्र गाळतात. मग विद्रोहाची कविता आणि प्रेरणेची कविता यांत फरक उरतो तो फक्त आवाजाच्या पट्टीचा.

पत्ता गाळण्याचे कारण मला ठाऊक आहे, कारण तो मीही गाळला आहे. 1990च्या दशकात नोकरीनिमित्त एका शहरात खोली शोधत होतो. घरमालकाने नाव विचारले. मी माझे नाव सांगितले, वडिलांचे नाव सांगितले आणि थांबलो. आडनाव गिळले. खोली मिळाली. तिथे 11 महिने राहिलो आणि ते 11 महिने बाबासाहेबांचा फोटो पेटीत, कपड्यांच्या खाली होता. 14 एप्रिलला दार लावून घेतले, फोटो काढून खुर्चीवर ठेवला, मेणबत्ती लावली आणि उजेड खिडकीतून दिसू नये म्हणून टॉवेल टांगला. यावर कविता सुचली होती. अर्धी लिहिलीही. मग वाटले, चळवळीचा माणूस असे कसे लिहील, लोक काय म्हणतील, आणि कागद फाडला. त्याऐवजी उगवत्या सूर्यावर एक कविता केली. ती पुढे अनेक मंचांवर वाचली, हार घेतले, शाली घेतल्या. त्या सूर्याच्या कवितेतली एक ओळही आज मला आठवत नाही. टॉवेल आठवतो, हिरव्या पट्ट्यांचा होता. तेव्हा त्या 41 कवींना नावे ठेवण्याचा मला कितपत अधिकार आहे, हे वाचकांनीच ठरवावे.

परिवर्तन नेहमी वरच्या दिशेनेच जाते असेही नाही, आणि हेदेखील कवितेत यायला हवे. नोकरी लागली, बंगला झाला आणि वस्तीतल्या विहाराची वाट विसरलेले आपले साहेब आहेत. भिंतीवर बुद्धाची तसबीर आणि कपाटात उपासाची पोथी अशी घरे आहेत. कार्यकर्त्याच्या घरात पहाटे पाणी भरायला अजून सूनच उठते. हे लिहिले तर विरोधकांच्या हाती कोलीत मिळेल, अशी भीती दाखवली जाते. विरोधकांना कोलीत द्यायला आपल्या कविता लागत नाहीत, त्यांच्याकडे ते भरपूर आहे. त्या आजोबांच्या आईचा हात महिनाभर देवळीकडे जात राहिला. ते त्यांनी लपवले असते तर पुढे त्या देवळीत पाटी आली याला काय किंमत राहिली असती? बदलायला किती दिवस लागले, मधे कितीदा मागे वळणे झाले, हे माहीत असलेली पिढी आता हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी उरली आहे. 1956 साली सहा वर्षांचे असलेले आज पंचाहत्तरीला टेकले किंवा ओलांडून गेले. त्यांच्या वह्या रद्दीत जाण्याआधी कुणीतरी त्यांच्यापाशी बसून ऐकायला हवे. आयोजकांना एक विनंती करतो. पुढच्या वर्षी अशा माणसासाठी घंटा वाजवू नका.

संमेलनानंतर दीडेक महिन्याने त्या 'उडान'वाल्या मुलीचे पाकीट आले. आत वहीचे दोन कागद. मायच्या पहिल्या निकालाची कविता आहे. गणितात 23 गुण पडले होते. मायने घरात कुणाला सांगितले नाही, गुणपत्रिका दुमडून पिठाच्या डब्यात तळाशी ठेवली. भाकरी थापायला पीठ काढताना एके दिवशी ती पोरीच्या हाताला लागली. 23 या आकड्यावर पीठ चिकटले होते, पोरीने ते फुंकले, आकडा वाचला आणि कागद होता तसा परत तळाशी सारला. त्या रात्रीपासून ती आपला अभ्यास मोठ्याने करू लागली, गणिताचा, दहावीचा, स्वतः बी.ए.ला असताना. मायने विचारले नाही, तिने सांगितले नाही. चूल आणि दिवा यांच्या मधे दोघी बसायच्या. कवितेत दोन ठिकाणी यमक जुळवण्याच्या नादात शब्द ओढूनताणून आले आहेत, ते तिला कळवले आहे. पंख कुठेही नाहीत.

कवितेखाली तिने लिहिले आहे, "सर, छापायचं का म्हणून मायला विचारलं. ती म्हणाली छाप, पण पुढच्या साली पास झाले तेबी लिही, आणि गणितात 41 पडले ते आकड्यात लिही."